परशराम ऑपरेटरचा टोप्यांचा इतिहास

सीमाभागातल्या वडगावात आमच्या गल्लीत कुणाच्या घरी येणार असाल तर हातवारे करून बोलायची सवय आधी लावून घ्या. पुढच्या खोलीत दोन माग खडखडत असतात, मागच्या खोलीत माणसं राहतात. साडी पुढं, संसार मागं. मांडीला मांडी लावून बसलेल्या पाहुण्यालाही चहा हवा का, हे बोट ओठाला लावून विचारायचं. नवराबायकोची भांडणंसुद्धा इथं खुणांनी होतात, आणि ती मिटायला फार दिवस लागतात, कारण समोरचा नेमकं काय म्हणाला होता हे नंतर दोघांनाही सांगता येत नाही.

अशा गल्लीत परशराम ऑपरेटर सुखात राहिला यात नवल नाही. त्याची उभी हयात न ऐकू येणाऱ्या गोष्टी बघण्यात गेली.

ऑपरेटर म्हणजे टॉकीजमधला, सिनेमाचं मशीन चालवणारा. शेजारच्या शहापुरातलं त्याचं टॉकीज आता मंगल कार्यालय झालंय. नाव सांगत नाही, मालकाची मुलं अजून माझ्याशी बोलतात. वर मशीनची खोली, खोलीच्या भिंतीला वीतभर काच, काचेतून पडदा. पण मशीनची घरघर एवढी, की पडद्यावर कोण काय बोलतंय ते खाली बाकावर बसलेल्याला कळायचं, वर परशरामाला नाही. हिंदी, मराठी, कन्नड सिनेमे तो खालच्या लोकांकडून समजून घ्यायचा. पंचाईत रविवारच्या मॉर्निंग शोची. तेव्हा इंग्रजी सिनेमे लागायचे. राजे, जहाजं, तोफा, हत्ती घेऊन डोंगर चढणारी फौज. इंग्रजी वरही कळायचं नाही आणि खालीही नाही. खालचे लोक लढाई येईपर्यंत भडंग खात बसायचे. परशरामाला मात्र गप्प बसवत नसे. तो काचेला नाक लावायचा आणि पडद्यावरच्या प्रत्येकाच्या तोंडात आपली वाक्यं घालायचा.

संध्याकाळी टॉकीजबाहेर रुक्माबाईच्या भडंगाच्या गाडीपाशी उभं राहून तोच सिनेमा तो सांगायचा. सिनेमा बघून आलेले लोकही तो पुन्हा ऐकायला थांबायचे. रुक्माबाई म्हणायची, "आत बघितला तर झोप लागती. परशाचा ऐकला की डोळ्यात पाणी येतंय." परशरामानं लग्न केलं नाही, रुक्माबाईचा नवरा लवकर गेला, आणि तिच्या गाडीवर परशरामाला भडंगाबरोबर शेंगदाणे जास्त पडायचे. एवढंच मला ठाऊक आहे. बाकीचं गल्लीला ठाऊक आहे, तिला विचारा.

माणूस विसंगतच. एक नोव्हेंबरला, सीमाभागाच्या काळ्या दिवशी, काळी फीत लावून फेरीत सगळ्यांच्या पुढं, आणि फेरी सुटली की नव्या कन्नड सिनेमाच्या रांगेतही सगळ्यांच्या पुढं. मी एकदा डिवचलं तर म्हणाला, "अण्णा, भांडण सरकारशी हाय. हिरॉईनशी न्हवं."

तर हा परशराम टॉकीज बंद पडल्यावर पुतण्याच्या घरी राहायला आला. पुतण्या नागोजी. त्याचे दोन माग, बायको नागुबाई आणि एकुलती लेक रचना. परशराम कांड्या भरून द्यायचा, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या सूत गुंडाळलेल्या नळ्या तयार करायचा, आणि जेवायचा. घरात सगळे त्याला आप्पा म्हणत. त्याच्या जुन्या गोष्टी आता कोण ऐकणार? प्रत्येकाच्या हातात फोन. ऐकायची ती एक रचना.

रचना शाळेत उशिरा घातलेली. त्यात कावीळ होऊन एक वर्ष बुडालं, म्हणून दहावी होईपर्यंत मुलगी सतरा ओलांडून गेली होती. दहावीपर्यंत मराठी शाळा. पुढं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, आर्ट्सला गेली, तर तिच्या कॉलेजात मराठी फक्त मराठीच्या तासापुरती उरली. बाकी सगळं इंग्रजीत. आणि पहिल्या वर्षाच्या इतिहासात काय, तर सगळं जग! ग्रीस, रोम, फ्रान्स, जर्मनी, दोन महायुद्धं. मुलीनं तोवर निपाणीसुद्धा एकदाच बघितलेली, तीही मावशीच्या बाळाच्या बारशाला.

तरी तिला कॉलेज फार आवडायचं. का, तर तिथं शांत असायचं. मागाच्या घरात वाढलेल्या मुलीला चार भिंतींच्या आत शांतता असू शकते हेच नवीन. इतिहासाला गुंजीहून रेल्वेनं येणारे एक तरुण सर होते. ते वर्गात शिरले की साठ जण गप्प व्हायचे आणि एका माणसाचंच बोलणं ऐकू यायचं. रचनानं मनाशी ठरवलं होतं, आपण तसं व्हायचं. काखेत पुस्तक, खिशात रेल्वेचा पास, आणि आपण बोलायला लागलो की साठ जण गप्प.

पण सहामाहीला इतिहासात ती आपटली. इंग्रजी उत्तरं पाठ करून गेली होती. कागद समोर आल्यावर पहिली ओळ आठवली, दुसरी आठवली नाही, आणि पहिलीचा अर्थ तर आधीपासूनच ठाऊक नव्हता.

नागोजी वाईट माणूस नाही. मागावर उभं राहून राहून त्याच्या पोटऱ्यांच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्यात. त्यानं त्या संध्याकाळी माग थांबवून, म्हणजे गोष्ट किती गंभीर ती बघा, लेकीला समोर बसवलं.

"संकेश्वरचं स्थळ आलंय. पोराचा ट्रॅक्टर हाय, कारखान्याला ऊस वाहतोय. मी त्यांना थांबवून ठेवलंय. वार्षिक परीक्षेला पास झालीस तर शीक, किती शिकायचं तेवढं शीक, मी आडवा येणार न्हाय. न्हाय झालीस तर संकेश्वर. कबूल?"

रचना म्हणाली, "कबूल." दुसरं काय म्हणणार?

परशराम कोपऱ्यात कांड्या भरत होता. तो तिथूनच बोलला, "इतिहास माझ्यावर सोड. जग मी सगळं बघितलंय. काचेतनं."

शेवट गोड नाही, हे आताच सांगून ठेवतो. नाहीतर नंतर म्हणाल, म्हाताऱ्यानं हसवत हसवत नेऊन खड्ड्यात ढकललं.

दुसऱ्या दिवशी परशराम मला धरून शामूच्या मोबाइलच्या दुकानात घेऊन गेला. शामू पेनड्राइव्हवर सिनेमे भरून देतो. आवाज हिंदीत केलेले इंग्रजी सिनेमेही त्याच्याकडं ढीगभर.

"काय पाहिजे आप्पा? भुताचं हाय, साऊथचं हाय."

"जगाचा इतिहास पाहिजे."

"कुठल्या हिरोचा?"

"सगळ्या हिरोंचा. रोमपासनं लाव. आणि दाखवताना आवाज बंद कर."

शामू बघतच राहिला. "आप्पा, लोक आवाज कसा हाय ते बघून घेत्यात."

"लोकांच्या घरात माग हायत व्हय? आमच्या घरात आवाजाचा काय उपयोग? न ऐकता कळंल असा पिक्चर पाहिजे."

मग परशरामानं निवडीचा नियम सांगितला, आणि मी तुम्हाला सांगतो, असा नियम कुठल्या विद्यापीठात ठरला नसेल. दोन्ही बाजूंच्या टोप्या वेगळ्या पाहिजेत. टोपी वेगळी असली की कोण कुणाचा ते लांबून कळतं, आणि कोण कुणाचा ते कळलं की निम्मा इतिहास कळला. शिरस्त्राणाला लाल तुरा, तो रोमचा. तिरकी टोपी फ्रान्सची. केसाळ टोपी रशियाची. घमेल्यासारखी विलायतेची, कानावर उतरलेली जर्मनांची. शामू एकेक सिनेमा थोडा थोडा दाखवायचा आणि परशराम निकाल द्यायचा. "घे." "घे." "ह्यात दोन्हीकडं एकच टोपी, घोटाळा हुईल, नको." अमेरिकेत गुलामांना सोडवायचा कायदा कसा केला त्याचा एक निघाला. परशरामानं मिनिटभर बघितलं. "ह्यात नुसती टेबलं हायत. उठत्यात, बोलत्यात, बसत्यात. नको." एकात राजे आणि मंत्री तहाला बसलेले. "टेबल. नको."

मी म्हटलं, "अरे, तह, करार, कायदे, परीक्षेत तेच विचारतात."

"अण्णा, टेबलावर काय बोलत्यात ते मागाच्या आवाजात पोरीला कसं कळणार? तू येऊन सांगणार हाईस?"

मला कुठलं येतंय!

निवड पक्की व्हायच्या आत रुक्माबाई तिथं आली. आता ती गाडी लावत नाही, पण कुठं काय चाललंय त्याचा वास लागतो तिला. म्हणाली, "बायकांचा एकतरी घे की रं मेल्या. जगात काय बायका नव्हत्या?" शामूनं विलायतेतल्या बायका मताच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरतात तो सिनेमा काढला. परशराम नाक मुरडायला लागला, तर तिनं बोट पडद्यावर टेकवलं. "एकीकडं पोलिसाची टोपी, एकीकडं बायकांच्या टोप्या. तुझ्याच नियमात बसतंय. घे." घेतला. तो एकच सिनेमा नियमातही बसला आणि आवाजाशिवायही कळत होता. पुढं परीक्षेत त्यावर एकही प्रश्न आला नाही.

मग रोज दुपारी, रचना कॉलेजातून आली की, मागच्या खोलीत वर्ग भरायला लागला. टीव्ही लोखंडी कपाटावर, समोर चटईवर रचना, तिच्या कानाशी तोंड नेऊन परशराम, दारात पाठीला उशी लावून मी कधीमधी, आणि पुढं खाडखाड खाडखाड. पडद्यावर ओठ हलायचे. परशराम ओरडून सांगायचा.

फ्रान्सच्या राजाला लोक ओढत आणतायत. "काय म्हणत्यात आप्पा?" "म्हणत्यात, तू आमच्या विहिरीवर मोटार बसवलास, आता पाणी तू एकटा पिणार व्हय?"

तिरक्या टोपीचा ठेंगणा सेनापती फौज घेऊन बर्फात चाललाय. रचना ओरडली, "ह्यो एवढ्या थंडीत कशाला चाललाय?" परशराम म्हणाला, "पाणंदीचा वाद. रशियावाल्यानं वाट दिली न्हाय. म्हणाला, माझ्या बांधावरनं गाडी घालायची न्हाय. ह्यो म्हणाला, घालून दाखवतो." नेपोलियन रशियात का गेला याचं एवढं स्वच्छ कारण मी तरी कुठं वाचलं नव्हतं. मला पटलं. तुम्हालाही क्षणभर पटलं असेल. खोटं बोलू नका.

आणि कुठल्याही सिनेमात, कितीही टाळलं तरी, शेवटी चार माणसं टेबलाभोवती बसायचीच. पुढ्यात नकाशा, हातात पेन. तिथं परशराम रिमोट घ्यायचा. "कमिशन बसलं. कमिशन बसलं की पुढं काय होत न्हाय. पळव." आणि पळवायचा. आमच्या सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. रचनाला तर नाहीच.

गंमत अशी की मुलगी फुलली. पूर्वी पुस्तक उघडलं की तिच्या कपाळावर आठ्या यायच्या. आता ती भांडी घासताना आईला रोमच्या भाऊबंदकीची हकिगत सांगायची. चालत्या मागावरून नागोजीही मान वळवून बघायचा आणि खुणेनं विचारायचा, मेला का तो? रचना खुणेनं सांगायची, अजून न्हाय. एवढा आनंद त्या खोलीनं आधी कधी बघितला नसेल. नागुबाईला मात्र घोर लागला.

"आप्पा, पोरगी पुस्तकाला हात लावंना."

"पुस्तकात मुडदं हायत. मी जितं दाखवतोय."

"पेपर पुस्तकातनं येतोय न्हवं?"

"आगं, गोष्ट एकदा डोक्यात बसली की लिव्हायला काय लागतंय?"

परीक्षा आठवड्यावर आली. त्या दिवशी पहिल्या महायुद्धाचा सिनेमा लावला होता. चिखलात खणलेल्या चरात घमेल्यासारख्या टोप्यांचे शिपाई बसलेत. त्यातल्या एका कोवळ्या मुलाला गोळी लागलीय आणि दुसरा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलाय. मुलाचे ओठ हलतायत. परशराम रचनाच्या कानाशी ओरडत होता, "म्हणतोय, आमचं गाव तिकडं टाकलं, आमची माणसं हिकडं, मी मेलो तरी गाव सोडू नका..."

आणि माग थांबले.

मागाची विजेची लाईन वेगळी असते. ती गेली, घरातली राहिली. टीव्ही चालूच, आवाजासकट; तो आवाज एरवी मागाखाली बुडायचा. खोलीत एकदम एवढी शांतता झाली की परशरामाचा शेवटचा शब्द गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. आणि टीव्हीतून त्या मुलाचा बारीक आवाज आला.

"माँ को मत बताना कि मैं डर गया था. कहना, ठंड से काँप रहा था."

बस. एवढंच म्हणाला आणि मेला.

रचनानं परशरामाकडं बघितलं. परशराम टीव्हीकडं बघत होता, तोंड तसंच उघडं. मग रचनानं उठून आधीचा सिनेमा लावला, बर्फातला. तिथंही पाणंद नव्हती, बांध नव्हता. व्यापार, बंदरं, कुणी कुणाचा माल घ्यायचा नाही, असलं काहीतरी बोलत होते. मग फ्रान्सचा लावला. विहीर कुठंच नव्हती. मग तिनं पळवलेलं एक टेबल काढलं आणि ऐकायला बसली. टेबलावरची माणसं बोलतच होती. जर्मनीनं काय द्यायचं, कुणाचा मुलूख कुणाला, फौज किती ठेवायची. सगळा अभ्यासक्रम त्या टेबलावर मांडलेला होता.

"आप्पा," ती म्हणाली, "ह्यातलं काय न्हवतं तुम्ही सांगितलं."

"मला कुठं ऐकायला येत हुतं पोरी," परशराम म्हणाला. "कधीच येत नव्हतं."

"मग सांगितलासा कशाला?"

लाईन आली. माग सुरू झाले. पडद्यावरचे ओठ पुन्हा मुके झाले.

संध्याकाळी परशराम नागोजीपुढं जाऊन उभा राहिला. मी होतो तिथं. म्हणाला, "रोज दोन तास माग बंद ठेव. पोरीला ऐकू दे. आठवडाभर."

नागोजीनं धोटा हातात घेतला. "आप्पा, लग्नसराई तोंडावर हाय. साड्या द्यायच्या हायत. आवाज काय आज सुरू झालाय? जन्मली तीच ह्या आवाजात."

"दोन तास रं."

"पेठेतला व्यापारी दोन तास थांबत न्हाय. तो दुसऱ्या दारात जातोय." आणि त्यानं बटण दाबलं. त्याचंही खरंच होतं.

रचना गुंजीच्या सरांकडं गेली. त्यांनी आपली टिपणं दिली, कुठले प्रश्न येतील ते सांगितलं. मुलगी रात्रंदिवस पाठ करत बसली. पण झालं काय, पुस्तकातला इतिहास तिच्या डोक्यात शिरत नव्हता आणि परशरामाचा बाहेर निघत नव्हता. मला म्हणायची, "अण्णा, नेपोलियन म्हटलं की डोळ्यांपुढं पाणंदच येती. पुसली तरी येती."

पेपरला ती पानांमागून पानं लिहून आली. मोडक्या इंग्रजीत, पण थांबली म्हणून नाही. हॉलमध्ये शांतता होती, तिची आवडती. आणि त्या शांततेत तिला ऐकू काय आलं, तर परशराम.

निकाल लागला. इतिहासात नापास. पेपर त्याच सरांनी तपासला होता. त्यांनी तिला बोलावून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "रचना, मी सगळं वाचलं. दोनदा वाचलं. महायुद्धाचं उत्तर तर मी घरी नेऊन वाचलं. पण बाळ, हे कुठं घडलंय?" मग म्हणाले, "देता येतील तेवढे मार्क दिले. मेमध्ये पुरवणी परीक्षा आहे. त्या वेळी मी शिकवतो, रोज तासभर. कॉलेजातच ये, तिथं शांत असतं."

तिनं घरी सांगितलं. नागोजी म्हणाला, "ठरलं हुतं न्हवं?" आणि संकेश्वरला फोन लावला.

पाहुणे येणार त्या दिवशी नागोजीनं सकाळपासून माग बंद ठेवले. लेकीच्या अभ्यासाला दोन तास मिळाले नाहीत, पाहुण्यांना अख्खा दिवस मिळाला. पण हे मी तेव्हा बोललो नाही, आता लिहितोय, आणि नागोजी वाचत नाही. मागांवर धुतलेल्या चादरी पसरल्या. गल्लीतला म्हातारा म्हणून मला बोलावलं होतं. सवयीनं सगळे ओरडून बोलत होते आणि मग दचकून आवाज खाली आणत होते.

मुलगा अमृत. काळासावळा, हातावर उसाच्या पात्याचे ओरखडे, मान खाली. मुलगा बरा होता, उगाच नावं कशाला ठेवू? त्याचे मामा शिवराज, फार बोलके. त्यांनी उसाचा हंगाम, कारखान्याच्या रांगा, ट्रॅक्टरचं टायर, सगळं सांगून झालं. मुलाची चुलती शेजारी बसून रचनाकडं मायेनं बघत होती. पोहे झाले. परशराम इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीला टेकून बसला होता. डोळे तांबारलेले. सकाळपासून त्यानं कुणाशी शब्द काढला नव्हता.

शिवराजमामांनी विचारलं, "शिक्षण कुठवर?"

"पीयूसी," नागोजी म्हणाला, आणि पुढचा शब्द गिळला.

आपल्यात रीत आहे, शेवटी मुलीलाही विचारायचं. विचारायचं नावापुरतं, मुलीनं मान हलवून काही विचारायचं नाही म्हणायचं आणि आत जायचं. मामा म्हणाले, "बाळ, तुला काय विचारायचं, सांगायचं असलं तर सांग. लाजू नको."

रचनानं मान वर केली. अमृतच्या चुलतीकडं बघितलं. तोंड उघडलं.

"नापास हाय!"

ओरडला परशराम. माग चालू असल्यासारखा ओरडला. बंद घरात तो आवाज भांड्यांवरनं घुमला.

"नापास हाय ती. सांगितलेलं बरं. इतिहासात नापास. डोकं न्हाय पोरीला. काय सांगितलं ध्यानात ऱ्हात न्हाय, घर कसं चालवणार? तुम्ही दुसरं बघा."

नागुबाईनं पदर तोंडाला लावला. नागोजी पांढराफटक पडला. मला कळलं, परशरामाच्या मनात काय होतं ते. जे त्यानं बिघडवलं, ते त्याला एका हिसड्यात नीट करायचं होतं. नापास म्हटल्यावर पाहुणे उठतील, स्थळ मोडेल, पोरगी सुटेल.

मामा असे हसले की त्यांची टोपी डोळ्यांवर आली.

"अवो आप्पा, जीव भांड्यात पडला बघा! आमचा अमृत आठवीत शाळा सोडून ट्रॅक्टरवर बसलाय. घरी सगळ्यांना हाच घोर, कॉलेजची पोरगी आमच्यात रमंल का? उद्या ह्यालाच शिकवाय लागली तर? नापास म्हणजे आमच्यातलीच की!"

सगळे हसले. नागोजी घाम पुसत सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला. अमृतनंसुद्धा पहिल्यांदा मान वर केली आणि बिचारा रचनाकडं बघून हसला. कुणीतरी भटजींना फोन लावला, कुणी गूळ आणला. तिथंच सुपारी फुटली. मामांनी रचनाला काय विचारलं होतं, ते कुणाच्याही लक्षात राहिलं नाही.

पाहुणे गेल्यावर परशराम बाहेर पायरीवर बसला होता. मी शेजारी. रचना कपबशा गोळा करत आली आणि त्याच्यापुढं थांबली. अजून माग सुरू झाले नव्हते.

"आप्पा, मामांनी मला विचारलं हुतं."

परशरामानं मान वर केली.

"आईचं आणि माझं ठरलं हुतं. मेमध्ये परीक्षा हाय, तेवढी देऊ द्या, पास झाले तर पुढचं एक वर्ष द्या, एवढंच सांगायचं हुतं. दोन दिवस म्हणून म्हणून बघितलं हुतं. ती चुलती बरी वाटली. हो म्हणाली असती." तिनं बश्या एकावर एक ठेवल्या. "तोंड उघडलं हुतं मी."

"मला वाटलं," परशराम म्हणाला, "तू घाबरलीस. तुला बोलाय येईना, म्हणून..."

"येत हुतं," रचना म्हणाली, आणि आत गेली.

भटजींनी मुहूर्त काढला तो नेमका पुरवणी परीक्षेच्या आठवड्यातला. नागुबाईनं एकदा म्हणून बघितलं, दुसरा दिवस मिळतो का बघा. दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालय मिळत नव्हतं. लग्न संकेश्वरात झालं. चांगलं झालं, बँड होता, जेवण गोड होतं. इतिहासाचा पेपर दुपारी होता. साधारण आम्ही पंगतीला बसलो तेव्हा.

परशराम माझ्या आणि रुक्माबाईच्या मधे बसला होता. दोन तास झाले तरी त्यानं ना कुणाची खोड काढली, ना कुणाच्या कानात काही सांगितलं. पानावरचं मुकाट जेवला. शिवराजमामा वाढायला आले, "आप्पा, बोला की काहीतरी," म्हणाले, तरी नुसती मान हलवली.

रुक्माबाईनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"आता गप्प बसून काय करतोस," ती म्हणाली, आणि त्याच्या पानात आपली जिलबी टाकली.